पुसलेल्या पानाबाबत

माझे नाव आपण वरच्या रकान्यात लिहून घेतलेच आहे. ओळखीचे लोक मला डागकाका म्हणतात. वय एकसष्ट वर्षे, धंदा लॉन्ड्रीचा, त्यातही खास काम कपड्यांवरचे डाग काढण्याचे. राहणार लॉन्ड्रीच्या मागच्या दोन खोल्यांत, सोबत पत्नी. आज बोलावणे आल्यावरून ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की,

माझे दुकान बाजाराच्या मागच्या रस्त्याला, टेलर आणि चष्मेवाला यांच्या मधोमध आहे. पुढे काउंटर, डावीकडे इस्त्रीचे टेबल, वर टांगलेले धुतलेले कपडे. काउंटरच्या मागे भिंतीला काचेचे कपाट आहे. आज फुटले ते हेच. त्यात मुलांची जुनी वार्षिके ठेवलेली असतात. दुकानात ठेवण्याचे कारण, घरात पत्नी ठेवू देत नाही. "तुमचं बालपण अजून हप्त्याहप्त्यानं चालू आहे," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

वार्षिक म्हणजे काय, असे साहेबांनी विचारल्यावरून खुलासा करतो की, आमच्या लहानपणी वर्षातून एकदा मुलांसाठी जाड पुठ्ठ्याचे एक पुस्तक निघत असे. त्यात गोष्टी, कोडी, रंगवायची चित्रे, आणि शेवटी एक अर्धवट गोष्ट. तिच्यासमोरचे पान कोरे, नुसत्या ओळी आखलेले. वर छापलेले असे, "पुढे काय झाले ते तुम्हीच लिहा." हे काढणारा छापखाना केव्हाच बंद पडला. मला लहानपणी हे पुस्तक कधी मिळाले नाही. शेजारच्या मुलाकडे यायचे. तो मला शेजारी बसून बघू द्यायचा, पण पान उलटायचा हक्क त्याचा. माझे वाचून व्हायच्या आत तो उलटायचा. त्याचा राग मला अजून आहे, हे लिहून घेतले तरी चालेल.

ही वार्षिके जमवणारे बरेच आहेत. पैसेवाले जमवणारे दुकानात जातात, बोट दाखवतात आणि घेऊन येतात. माझ्यासारख्याला ते परवडत नाही. मी विडी सोडली, त्या पैशांत जे बसेल ते घेतो. म्हणून मी रद्दीवाल्यांकडे फिरतो. तिथे एक पथ्य पाळावे लागते. हवी असलेली वस्तू आधी हातात घ्यायची नाही. घेतली की भाव चढला. आधी तीन-चार निकामी पुस्तके उचलायची, त्यांच्या पोटात आपले वार्षिक सरकवायचे आणि तोंड कडू करून म्हणायचे, "सगळं मिळून वजनावर दे."

हवालदारांनी मुद्द्याचे बोला असे सांगितल्यावरून मुद्द्याचे सांगतो की, शेवटचे पान कोरे असलेली प्रत दुर्मीळ असते, कारण मुले त्यावर लिहायचीच. लिहिलेली प्रत पैसेवाले घेत नाहीत, त्यामुळे ती आमच्या वाट्याला येते. मी ती घरी आणून साफ करतो. चिकट डाग, बोटांचे ठसे, पेन्सिलीचे लिहिलेले, सगळे निघते. हात हलका हवा आणि घाई नको. जमवणाऱ्यांत याला धुणे म्हणतात. मी धुतलेली प्रत कोरी म्हणून कोणाला विकली नाही. एकही विकलेली नाही. मला सगळी वर्षे ओळीने कपाटात हवी होती, एवढेच. अकरावे वर्ष मिळत नव्हते. तिथे मी पुठ्ठ्याचा तुकडा उभा करून जागा राखली होती.

गेल्या महिन्यात अकरावे वर्ष मला पुलाजवळच्या रद्दीवाल्याकडे दिसले. ढिगात खाली होते. मी रेडिओ दुरुस्तीचे एक पुस्तक उचलले, आयकराचे एक उचलले, आणखी एक कशाचे तरी उचलले. रद्दीवाला मला पुरता ओळखून आहे. तो म्हणाला, "डागकाका, ते खालचंच हवंय ना? मग वरची कशाला उचलताय, तुमचीच कंबर मोडेल." त्याने सगळ्यांचे वजन केले आणि भाव खालच्याचा लावला. मी दिला. घासाघीस केली नाही. घरी येईपर्यंत ते छातीशी धरून होतो, हे पत्नीने पाहिले आहे.

प्रत चांगली होती. पुठ्ठ्याला चहाचा डाग, चित्रे रंगवलेली नव्हती. पहिल्या पानावर पेन्सिलीने नाव होते आणि शेवटचे पान वरपासून खालपर्यंत लिहिलेले होते. दुकान बंद असते त्या वारी बसून मी ते सगळे काढले. तळाची ओळ फार दाबून लिहिली होती, तिथे कागद पातळ होईस्तोवर घासावे लागले. काम उत्तम झाले. पुठ्ठ्याचा तुकडा काढून टाकला आणि तिथे अकरावे वर्ष ठेवले. मला फार आनंद झाला होता, खोटे कशाला बोलू. पत्नीला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "झालं एकदाचं? आता छताकडे बघा, गळतंय."

पुसण्यापूर्वी मजकूर वाचला होता काय, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. नावही वाचले नाही. डाग कोणाचा आहे हे आम्ही पाहत नाही, कसला आहे तेवढे पाहतो.

आज सकाळी दुकान उघडून इस्त्री तापायला लावणार तेवढ्यात एक वयस्कर बाई आल्या. त्याच आता बाहेर बाकावर बसल्या आहेत. मी त्यांना पूर्वी ओळखत नव्हतो. हातात कपडे नव्हते. त्या म्हणाल्या, "रद्दीवाल्यानं तुमचं नाव सांगितलं. घराला रंगाचं काम काढलं तेव्हा माझ्या मुलानं माझी पेटी रद्दीत दिली. त्यात एक वार्षिक होतं. अकराव्या वर्षाचं."

मी त्यांना म्हणालो, "आहे, पण मी विकत घेतलंय." हे मी चढ्या आवाजात म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी फुकट मागत नाही. तुम्ही म्हणाल ते देते." मी म्हणालो, "मला विकायचं नाही." त्या म्हणाल्या, "बरं, निदान बघू तरी द्या."

बघू द्यायला माझी ना नव्हती. खरे सांगायचे तर मला ते दाखवायचेच होते. किती स्वच्छ झाले आहे हे ज्याच्याकडे ही प्रत आधी होती त्यालाच कळणार. मी कपाट उघडून वार्षिक काउंटरवर ठेवले आणि खाली धुतलेला रुमाल अंथरला. बाईंनी चित्रे पाहिली नाहीत. सरळ शेवटचे पान उघडले. बराच वेळ पाहिले, चष्मा काढून पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "इथलं कुठंय?"

मी म्हणालो, "काढलं. एक रेघसुद्धा शिल्लक नाही, बघा."

हे मी अभिमानाने म्हणालो होतो. आपण लिहून घेता आहात म्हणून तसेच सांगतो.

इस्त्रीच्या टेबलावर थंड इस्त्री होती, ती बाईंनी दोन्ही हातांनी उचलली आणि कपाटावर फेकली. ती माझ्या अंगावर फेकली नाही. मी कपाटापासून लांब होतो आणि त्यांनी कपाटाकडे बघूनच फेकली, हे शेजारच्या टेलरने पाहिले आहे. काच फुटून शर्टांवर पडली. माझ्या बोटाला लागले आहे ते काच वेचताना लागले, त्याचा बाईंशी संबंध नाही. टेलरनेच पोलिसांना फोन केला. त्याला मी सांगितले नव्हते.

पोलीस येईपर्यंत बाई काउंटरशेजारच्या स्टुलावर बसून होत्या. पत्नीने त्यांना पाणी दिले. तेव्हा त्यांनी पत्नीला सांगितले ते मी ऐकले. ते अक्षर त्यांच्या मोठ्या भावाचे होते. तो दहा वर्षांचा आणि त्या सात वर्षांच्या. ते लिहिले त्याच वर्षी तो तापाने गेला. आईला बघवेना म्हणून तिने त्याचे कपडे, वह्या, सगळे देऊन टाकले. फोटो कधी काढलाच नव्हता. हे वार्षिक तेवढे त्यांनी आपल्या गादीखाली लपवले होते. पत्नी म्हणाली, "काय लिहिलं होतं ते आठवतं ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "शब्द पाठ आहेत हो. अक्षर कसं पाठ करायचं?"

त्यानंतर पत्नी आत गेली. ठाण्यात येताना डबा आणि औषध पिशवीत घालून दिले, पण माझ्याशी बोलली नाही.

तक्रार द्यायची आहे काय, असे विचारल्यावरून सांगतो की, माझी बाईंविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. त्यांचा मुलगा सोबत आला आहे, तो काच भरून देतो म्हणत होता. मी नको म्हणालो. त्यावर बाई म्हणाल्या, "काच मी फोडलीय, मी भरणार. तुम्ही पुसलंय, तुम्ही काय भरणार?"

येथपर्यंत जबाब लिहून झाला असता हवालदारांना अक्षर दिसेना म्हणून त्यांनी टेबलावरचा वाकता दिवा खाली ओढला. जप्त केलेले वार्षिक शेजारीच शेवटच्या पानावर उघडे होते. आम्ही कपड्याचा डाग गेला की नाही हे समोरून पाहत नाही. समोरून सगळेच स्वच्छ दिसते. कपडा तिरप्या उजेडात धरून बाजूने पाहायचा असतो. पानाच्या बाबतीत मी तसे केले नव्हते, कारण मला गेलेलेच पाहायचे होते. दिवा खाली आला तेव्हा मी बाजूला बसलेलो होतो आणि पानावर मला ओळी दिसल्या. शिसे गेले होते, पण मुलाने दाबून लिहिल्याने कागदाला वळ राहिले होते.

मी साहेबांना म्हणालो, "दिवा हलवू नका." मी मोठ्याने म्हणालो असेन, कारण बाहेरची महिला शिपाई आत आली. साहेबांनी बाईंना आणि त्यांच्या मुलाला आत बोलावले. जबाब तेवढा वेळ थांबवला होता, तो आता पुढे सांगतो.

बाई वाकून बघत होत्या, पण त्यांना दिसेना. मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे आहे, असे मुलाने सांगितले. तो म्हणाला, "वरून हलकी पेन्सिल फिरवली तर उठून दिसेल, आई." बाई म्हणाल्या, "आता त्या पानाला कोणी काही करायचं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला दिसतंय ना? वाचा."

छापलेली गोष्ट अशी आहे की, भाऊ आणि बहीण रान चुकून नदीकाठी येतात. पलीकडे त्यांच्या घराचे दिवे दिसतात, पण नाव एकाच मुलापुरती आहे. त्याच्यापुढे हाताने लिहिलेले मी वाचले ते असे: "मोठा म्हणाला तू नावेत बस मला पोहता येतं. धाकटी म्हणाली मला भीती वाटते. मोठा म्हणाला डोळे मीट आणि शंभरपर्यंत म्हण. मी आहेच. बिस्किटं सगळी खाऊ नको अर्धी माझी."

प्रत्येक 'म' ची गाठ उलटी आहे, असे मी बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "हो. मास्तर मारायचे त्याला त्यावरून." त्यांनी माझे बोट धरून त्या 'म' वर नेले आणि मग आपले बोट तिथे ठेवले. हाताला लागते, असे त्या म्हणाल्या.

तळाची ओळ मला वाचता आली नाही. ती मी जास्त घासली होती, तिथे वळही उरलेला नाही. दिवा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. मी तसे सांगितले. तेव्हा बाईंनी पानावरचे बोट न उचलता ती ओळ सांगितली: "तिचे शंभर झाले आणि तिनं डोळे उघडले तर तो आधीच पलीकडे जाऊन केस पुसत बसला होता."

मी बाईंना म्हणालो, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "चुकलंच." याहून जास्त काही बोलणे झाले नाही.

सदरचे वार्षिक बाईंना परत द्यावे, माझी हरकत नाही. ते उन्हात ठेवू नये, त्यावर जड वस्तू ठेवू नये, पान सपाट करण्यासाठी इस्त्री फिरवू नये. काही लोक फिरवतात. कपाटात तिथे मी पुन्हा पुठ्ठ्याचा तुकडा उभा करीन. दुसरी प्रत शोधणार नाही.

वरील जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. पानावरचा मजकूर मी बाईंना वाचून दाखवला, तोही त्यांच्या भावाने लिहिल्याप्रमाणे बरोबर असल्याचे त्यांनी सांगितले.