जुन्या विमानाचा नवा रिमोट

चहा उकळेपर्यंत माझ्या विमानाचं ऐका. जुन्या जालन्यातल्या एका रिटायर सरांकडून मी रिमोटचं विमान घेतलं. विमान ठणठणीत होतं, पण रिमोट पार जुनाट, हातभर एरियलचा. शंभर पावलांच्या पुढं गेलं की विमान ऐकायचंच न्हाई. म्हणून रिमोट, आतला रिसीव्हर, शेपटी वळवणारी छोटी मोटार, सगळं नवं आणून मी घरीच बसवलं.

सर म्हणले होते, “उडवायच्या आधी जमिनीवरच तपासा. रिमोटची स्टिक डावीकडं केली की शेपटी कुठं वळते ते.”

मी म्हणलं, “सर, पंधरा वर्षं झाली, मी फिजिक्स शिकवून राह्यलो.”

मंग काय, असा विद्वान माणूस थेट आष्टीला सासऱ्यांच्या रिकाम्या रानात जाऊन उभा राहिला. बघायला सासऱ्यांसकट त्यांची अर्धी गल्ली आल्ती. विमान झकास वर गेलं. मी डावीकडं वळवलं, तर ते उजवीकडं, म्हणजे सरळ सासऱ्यांवर निघालं. घाबरून मी आणखी डावीकडं दाबलं. ते आणखी इमानदारीनं उजवीकडं वळलं, कारण मोटार मीच उलटी बसवली होती. सासरे सरीत आडवे झाले आणि विमान त्यांच्या डोक्यावरून जाऊन बांधावरच्या बाभळीत घुसलं.

सासरे उठले, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणलं, “मामा, सगळं बिलकुल नवं बसवलं होतं.”

ते शांतपणे म्हणले, “मंग चालवणारा कशाला जुना ठेवला, जावईबापू?”