घाम फुटलेलं अंडं

मुलगी : बाबा, खुराड्यातल्या खोक्यातलं हे अंडं थंड आहे.

बाबा : असेल. सकाळची हवाच थंड आहे.

मुलगी : हवेने एवढं थंड होत नाही. याला घाम फुटलाय, बघा. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा.

बाबा : मिळालं ना अंडं? मग ठेव वाटीत आणि गप्प बस. दादा येतच असेल.

मुलगी : आणि केवढं मोठं! तलंग कोंबडीचं पहिलं अंडं लिंबाएवढं असतं, बाबा. आत्ता कुठे वयात येताहेत बिचाऱ्या. एवढं घालायचं तर महाराणीला आठवडाभर रजा टाकावी लागेल.

बाबा : महाराणीने नसेल घातलं. त्या दुसरीने घातलं असेल. काय ते नाव... चौकशी.

मुलगी : चौकशी, तक्रार, धाकटी, सगळ्यांना विचारून झालं. कोणीच कबूल होत नाही. तुम्ही होताय?

बाबा : अगं, हळू बोल!

मुलगी : म्हणजे तुम्हीच ठेवलंत.

बाबा : बरं, ठेवलं. तू उठायच्या आत ठेवलं. कोणासाठी? तुझ्यासाठीच ना? दादाला मी शब्द देऊन बसलोय. या रविवारपर्यंत एक तरी अंडं, नाहीतर चारही कोंबड्या त्याच्या खानावळीच्या पातेल्यात. आज रविवार. अंडं दिसलं की विषय संपला. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

मुलगी : शब्द तुमचा आणि कोंबड्या माझ्या! मुठीत मावत होत्या तेव्हापासून मी वाढवल्यात. मला विचारलं होतंत?

बाबा : मोठ्या भावाला तोंडावर नाही म्हणता येत नाही गं. तुला नाही कळायचं. मुकाट्याने जिंक ना पोरी, आयतं दिलंय तर!

मुलगी : दुकानातल्या अंड्यावर? अजिबात नाही. माझ्याकडे माझं अंडं आहे.

बाबा : काय? कुठे?

मुलगी : धुण्याच्या दगडामागे सापडलं, मघाशी झाडताना. धाकटीचं आहे, ती तिथेच घुटमळत होती. हे काय, या वाटीत.

बाबा : अरे देवा. हे काय आहे?

मुलगी : अंडं.

बाबा : आणि कवच?

मुलगी : विसरली. पहिल्यांदा होतं असं कधी कधी, नुसत्या पापुद्र्यात येतं. हात लावून बघा ना, चावत नाही. पाणी भरलेला फुगा कसा दबतो, तसं दबतं.

बाबा : हे दादाला दाखवलंस तर वर्षभर हसेल तो. झाक ते. झाक आधी! माझं पुढे कर.

(फाटकाची कडी वाजते. मोठेकाका अंगणात येतात.)

मोठेकाका : काय गं वकीलसाहेब, तुमचे पक्षकार तयार आहेत ना? तिकडे कांदा चिरून ठेवलाय मी!

बाबा : ये दादा, ये. अंडं मिळालं बरं का. हे बघ, चांगलं टपोरं...

मुलगी : ते दुकानातलं आहे, मोठेकाका. बाबांनी ठेवलंय. खरं अंडं हे.

मोठेकाका : हे? हे अंडं आहे की अंड्यासाठी केलेला अर्ज?

मुलगी : हसा, पोटभर हसा. धाकटीने घातलंय ते, कोणाच्या तारखेची वाट न बघता. आणि बाकीच्या तिघी याच आठवड्यात घालणार. तुरे बघा, कसे लालबुंद झालेत. परवापर्यंत हात नेला की पळायच्या, आता पाठीवर हात ठेवला की पंख पसरून खाली बसतात. शिंपल्यांचा चुरा घालतेय मी, कवचही येईल.

मोठेकाका : येईल, घालतील, बसतील! बोली अंड्याची होती, आणि अंड्याला कवच असतं हे शेंबडं पोरही सांगेल. चल, आण त्यांना इकडे.

मुलगी : नाही आणणार.

मोठेकाका : काय म्हणालीस?

मुलगी : नाही आणणार म्हणाले. आणखी मोठ्याने म्हणू?

मोठेकाका : ऐकतोयस ना रे, धाकट्या? पोरीला फार डोक्यावर चढवून ठेवलंयस.

मुलगी : बाबांकडे बघून बोलू नका, माझ्याशी बोला. आणि बाबा, तुम्ही पण. आज तुमचं अंडं घेतलं, तर पुढच्या रविवारी दुसरं ठेवावं लागेल, मग तिसरं. मला असं लपूनछपून वाचवू नका. वाचवायचं तर तोंडाने बोला. नसेल जमत, तर बाजूला व्हा. मी उभी राहते खुराड्याच्या दारात. बघू कोण आत शिरतं.

मोठेकाका : अगं, कालपर्यंत माझ्या खांद्यावर बसून फिरत होतीस तू!

मुलगी : उतरले, मोठेकाका. केव्हाच उतरले.

बाबा : दादा...

मोठेकाका : हां, तू बोल. सांग हिला.

बाबा : कोंबड्या नाही देणार.

मोठेकाका : आं? शब्द दिला होतास मला!

बाबा : दिला होता. तो माझा नव्हताच द्यायला. परत घेतो.

मोठेकाका : या... या बुळबुळीत थेंबासाठी?

बाबा : हो. याच्यासाठी.

मोठेकाका : जन्मात कधी मला नाही म्हणाला नाहीस.

बाबा : म्हणूनच वेळ लागला.

मोठेकाका : मग एवढा मोठा पिंजरा स्कूटरला बांधून आणला, त्याचं मी काय करू?

बाबा : रिकामाच ने, दादा. हलका पडेल.