देवरावभाऊचा सवाल

—नाही नाही, विक्कीभाऊ, देवरावभाऊचा आवाज सुरू झाला की मधात कोणी बोलायचं नाही अन् मशीनले हात लावायचा नाही, हा आमच्या विहारातला नियम आहे. काहून? तेच तर विचारायचं नसते! लहानपणी मी विचारलं होतं, तं विहार सांभाळणाऱ्या पुंडलिककाकानं असे डोळे वटारले की बस. तुम्ही दारव्ह्याहून पहिल्यांदाच साउंड घेऊन आले न, म्हणून सांगून राह्यली. दर सहा डिसेंबरले हेच—बाबासाहेबांच्या फोटोले हार, मेणबत्त्या, वंदना, मंग देवरावभाऊची टेप. आता पेन ड्राइव्हमध्ये भरली, पण आम्ही टेपच म्हणतो. काकाच्या कपाटात बंद असते, वर्षातून एकदाच निघते.

देवरावभाऊ कोण? इथलाच माणूस, याच वस्तीतला. बाबासाहेबांचं एक वाक्य सांगायचा अन् लगेच चपला घालायचा—चला म्हणे तहसीलवर. आमची स्मशानभूमी त्यानंच भांडून मिळवली. त्या मोर्च्याच्या आदल्या दिवशी सभा झाली, तिथं ही टेप भरली. ऐकालच तुम्ही, शेवटी तो विचारते, 'कोण येते माह्यासंग?' अन् टेपमधले लोक ओरडतात—'आम्ही येतो! आम्ही!' मंग जयभीम, टाळ्या, मसालेभात खाऊन घरी. दर साली! मेलेला माणूस विचारते, मेलेले माणसं उत्तर देतात, अन् जिते डोळे मिटून बसतात. अंगावर काटा येते मले. वाटते, विहारात खरे तेच जमले आहेत, आपणच नाही आहो.

अन् आता मोर्च्यासारखं काम राह्यलं नाही म्हणता? स्मशानाच्या वाटेवर बाजूच्या शेतवाल्यानं तारेचं कंपाउंड घातलं—म्हणे वाट माह्या सातबाऱ्यात आहे. उद्या तहसीलवर चला म्हणून मी घरोघरी फिरली. यवतमाळले एमएसडब्ल्यू केलं, फिरायची लाज नाही मले. तं काका काय म्हणतात—'पोरी, देवरावसारखा माणूस पुन्हा होत नसते.' नसते तं नसते! पाय तं आहेत न तुम्हाले?

रडून नाही राह्यली, भाऊ, मेणबत्तीचा धूर आहे... बरं, ऐका. त्या ओरडण्यात एका बाईचा आवाज आहे, सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा—'मीबी येते, भाऊ!' ती माही माय. तुळसाबाई. या पावसाळ्यात गेली. तारेपाशी तिरडी खाली ठेवा लागली, काका हात जोडून उभे, अन् तो शेतवाला मोबाइल पाहत उभा. शेवटी नाल्यातून नेली. कमरेइतकं पाणी—तिच्या लुगड्याचा पदर सुटून वाहत होता, मी धरून चालली. तवापासून मले एकच ऐकू येते—मीबी येते, मीबी येते. कुठून येते, माय? वाट कुठं आहे?

म्हणून म्हणते, 'कोण येते माह्यासंग' झालं की मी हात वर करीन, तुम्ही बंद करा. लोकांच्या उत्तराच्या आधी. हो, मायच्या आवाजाच्याही आधी. माहीत आहे मले, पुढच्या सालापर्यंत तो आवाज कानावर पडणार नाही. तरी बंद करा.

आले सगळे. जयभीम, काका! हो, साउंड बरोबर आहे, बसा. लावा, भाऊ...

...आता!

नाही काका, मशीन नाही बिघडली. मी थांबवली. हो, नियम मोडला—ओरडा, ओरडून घ्या! पुन्हा लावू? नाही लावणार. भाऊ, तुम्ही त्यांच्याकडं पाहू नका, हात खाली ठेवा. काका, टेपमधल्यांनी आपलं उत्तर तेव्हाच दिलं अन् चालत गेलेही. माह्या मायनंबी दिलं. आता तुमचं राह्यलं. देवरावभाऊनं आत्ताच विचारलं न, सगळ्यांनी ऐकलं न? उद्या सकाळी, तहसीलवर—कोण येते?

पुंडलिककाका?

काहून सगळे खाली पाहून राह्यले?

बोला न, काका. आता तं टेप बंद आहे.