आयवरच्या पातेल्यापर्यंत वायफाय

...आणि वर मलाच विचारते, "खिडकी उघडी कुणी टाकली?" मी टाकली! मुद्दाम टाकली! बोटभर फट, वायर जाण्यापुरती! पण तुम्हाला सांगतो, आमच्या लेस्कोवात्स गावाकडं माणूस दारूनं मरत नाही, म्हातारपणानं मरत नाही, आरपार वाऱ्यानं मरतो. मान आखडली? वारा. दाढ ठणकली? वारा. बाहेर कौलं तापून निघालीत आणि आमची देसांका... म्हणजे माझी बायको... दार उघडलं की खिडकी लावणार, खिडकी उघडली की दार लावणार. स्वतःची टिमकी वाजवायची मला सवय नाही, पण असल्या घरातून मी वायफाय पार अंगणाच्या टोकाला नेलं!

कशाला नेलं म्हणता? अहो, आयवर, आमची वर्षभराची मिरच्यांची चटणी! सप्टेंबरात लाल मिरच्यांची पोती येतात, त्या भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि अंगणाच्या टोकाला चुलीचं खोपट आहे तिथं दिवसभर पातेल्यात ढवळत बसायचं. हात थांबला की बुडाला लागलं! म्हणजे त्या दिवशी देसांका हलायची नाही. आणि नेमका शनिवारीच परदेशातून, ग्राझहून, नातीचा फोन येतो. राउटर पुढच्या खोलीत टीव्हीवर, देसांकानं विणलेल्या जाळीच्या रुमालाखाली, आणि सिग्नल काय, अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडापर्यंत येऊन गळपटतो. मग दरवर्षी काय? ती बिचारी धुरात ढवळतेय आणि मी आतल्या गार खोलीत खुर्चीवर बसून नातीशी गप्पा मारतोय. कुणीतरी बोलायला हवंच ना?

पण यंदा ती नात, आमची लेंका, सात वर्षांची पोर, म्हणाली, "आजी, मला तू ढवळताना बघायचंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत." झालं! देसांकानं डोक्याला बांधायचा सणाचा रुमाल ट्रंकेतून काढून खुंटीला लावून ठेवला. चुलीपाशी धुरात सणाचा रुमाल! तो बघितला आणि म्हटलं, शनिवारी त्या खोपटात सिग्नल पोचला नाही तर नावाचा व्लास्तिमिर नाही.

जुना राउटर होता माळ्यावर. मी काही टाकत नाही. शेजारचा रादिसाव कुंपणावर रेलून म्हणतो, "अरे, बस चालवण्यात जन्म गेला तुझा, हे तुला जमायचं नाही, माणूस बोलव." माणूस! मग मी कोण, बोकड? पहिल्या राउटरला वायर खोचली, खिडकीतून बाहेर काढली, झाडावरून नेली, खोपटातल्या राउटरला जोडली. दिवे लागले! मी रकियाचा, आमच्या फळांच्या दारूचा, एक पेला स्वतःला ओतला. फोन उघडतो तर नुसतं गरगर... गरगर... सिग्नल भरपूर, आत काही नाही. दोन दिवस डोकं पिकलं. मग उजेड पडला! दोन्ही राउटर यजमान झाले होते हो! फोन जोडायला गेलं की हाही त्याला इंटरनेटचा पत्ता वाटतोय, तोही वाटतोय. आता आमच्या घरच्या कुळदेवाच्या सणाला पेले कोण भरतं? यजमान, एकटा! दोघं भरायला लागले तर पाहुण्याला स्वतःचं घर सापडेल का? मग दुसऱ्याला समोर बसवून सांगितलं, बाबा, तुझा नंबर वेगळा घे, पत्ते वाटणं बंद कर, मोठा देईल ते नुसतं पुढं पोचव. आणि वायफायचं नाव नि पासवर्ड दोघांना एकच. लागलं! स्वतःची टिमकी वाजवायची मला सवय नाही, पण रादिसावला कुंपणावरूनच फोनवर त्याच्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ दाखवला. पुन्हा लाव म्हणाला.

शनिवार आला. पातेलं चढलं, देसांका रुमाल बांधून तयार, फोन मिरच्यांच्या टोपलीला टेकवलेला. लेंका दिसली! "आजी, तुझा रुमाल—" आणि गेली. तोंड उघडंच राहिलं पोरीचं, तसंच थिजलं. देसांका ढवळतेय, पातेल्याकडं बघत नाही, त्या थिजलेल्या तोंडाकडं बघतेय. मी पळालो आत. खिडकी बंद! वायर मधे चेपलेली!

अंगणातून ओरडलो, कुणी लावली? म्हणते, "मी लावली. वारा शिरत होता." अगं, घरात माणूस नाही, वारा लागणार कुणाला? शांतपणे म्हणते, "एकदा शिरला की बसून राहतो. रात्री तुझीच पाठ धरेल."

पण मी हरतोय का! भिंतीत जुन्या शेगडीच्या धुराड्याचं भोक आहे, पत्र्यानं झाकलेलं. पत्रा काढला, वायर तिथून घातली, उरलेल्या भोकात तिनंच विणलेला लोकरी मोजा कोंबला. वारा बंद, वायर चालू! चेपली होती, तुटली नव्हती. धापा टाकत खोपटात येतो तर लेंका पडद्यावर हसतेय, "आजी, किती लाल आहे गं!" आणि देसांकानं बाहीनं डोळे पुसले. धूर, म्हणाली. धूर तर पलीकडं चालला होता.

मग माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत अशी बघितली नव्हती. म्हणाली, "व्लास्तिमिर, फार छान केलंस रे." छाती ही एवढी झाली माझी! आणि त्याच दमात लाकडी कालथा माझ्या हातात दिला, फोन उचलला, नि झाडाखाली सावलीत जाऊन बसली.

तेव्हापासून ढवळतोय. मधेच तिकडून लेंका विचारते, "आजोबा कुठं आहेत?" आजी फोन माझ्याकडं वळवते. स्वतःची टिमकी वाजवायची मला सवय नाही, आणि आता हातही मोकळा नाही... पण सिग्नल बघा, इथं पातेल्यापाशीसुद्धा पूर्ण!