उत्तरेच्या भिंतीलगत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, बिशपसाहेबांच्या वतीनं आलेले माननीय कॅनन क्रॉलीसाहेब. आजचे सत्कारमूर्ती रेव्हरंड पेटिफर आणि त्यांच्या सौभाग्यवती. चर्च समितीची मानकरी मंडळी. आणि हेलिंगफर्ड गावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

आभाराचे दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. का, तर गावात सगळ्यांत म्हातारी मी. एरवी समितीला विनिफ्रेड थर्केटलची आठवण केक भाजायचे असले की होते. असो. मान दिलात, घेते.

रेव्हरंडसाहेब आता मोठ्या कॅथीड्रलला चालले. बढती आहे, अभिनंदन. ते येण्यापूर्वी आम्ही या चर्चमध्ये नुसते बसत होतो हो. आठशे-नऊशे वर्षं बसत होतो. कशात बसतोय, ते यांनी सांगितलं. बुरूज गोल का? तर आमच्या भागात कोपरा बांधायला धड दगड नाही, सगळी गारगोटी. कमान नॉर्मन लोकांची, खिडक्या त्यांच्या नातवंडांच्या. चुन्याखाली दडलेलं संत ख्रिस्तोफरचं चित्र साहेबांनी उघडं केलं. फक्त पाय सापडले, पण पाय देखणे आहेत. या सगळ्यावर त्यांनी पुस्तिका लिहिली. फार सुरेख लिहिलीय, मी टोमणा मारत नाहीये.

त्यात उत्तरेच्या बुजवलेल्या दाराची गोष्ट आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी पोरातून निघालेला सैतान बाहेर जावा म्हणून पूर्वी ते दार उघडं ठेवत. साहेब ही गोष्ट इतकी रंगवून सांगायचे की लंडनची पाहुणी मंडळी पोट धरून हसायची. आणि त्याच पानावर खाली लिहिलंय, ‘सैतानाची बाजू म्हणून गावकऱ्यांनी उत्तरेला कधीही कुणाला पुरलं नाही.’

काय ठसठशीत वाक्य आहे! या वाक्यावरच तर हा हॉल उभा राहिला, चर्चच्या उत्तर भिंतीला चिकटून. पुरलेलं कुणी नाही, मग खणायला हरकत कसली? परवानगी मिळाली, आणि आज आपण उबेत बसलोय. वाजवा की टाळ्या! का थांबलात?

साहेब, एकदा आम्हाला विचारायचं होतंत. मेलेलं जन्मलेल्या पोराला बाप्तिस्मा नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून दक्षिणेच्या कबरस्तानात चार माणसांत जागा नाही. हे नियम तुमचे, आमचे नव्हेत. गावानं मग आपली वाट काढली. उत्तरेच्या भिंतीलगत, पागोळीखाली, हातभर खड्डा. पाद्री देत नाही ना? नाही तर नाही. पवित्र छपरावरचं पाणी लेकराच्या डोक्यावर पडेल, पाऊसच बाप्तिस्मा देईल. जुने पाद्री काणाडोळा करायचे. गावात त्यांना ‘पागोळीची पोरं’ म्हणायचे. आईनं मात्र तिथं जायचं नाही, रडायचं नाही, अशी रीत. मी ती पाळली. रविवारी बाहेर पडताना नुसती तिकडे बघायची, आणि पाऊस लागला की मला बरं वाटायचं.

हो, माझीच. माझी पहिली मुलगी. सुईणीनं तोंडसुद्धा धड पाहू दिलं नाही. माझा सिरिल आणि कबरी खणणारा ओबेड लार्टर तिला घेऊन गेले. सिरिल परत आला आणि एवढंच म्हणाला, “विनी, दाराच्या डावीकडे ठेवलीय. तिथं पागोळी जोरात पडते गं.” जन्मभर संसार केला, पण याहून मायेचं तो काही बोलला नाही.

हॉलचे नकाशे लागले तशी मी साहेबांकडे गेले. चहा दिला त्यांनी, खोटं कशाला बोलू? म्हणाले, “विनिफ्रेडबाई, दफनाच्या नोंदीत असं काहीच नाही हो.” म्हटलं, “कसं असेल? तुमच्याच लोकांनी लिहू दिलं नाही.” तर म्हणाले, “लोककथा फार हृद्य आहे. पुढच्या आवृत्तीत घालू.”

लोककथा! माझी पोर लोककथा!

डॉरिस, समितीच्या रांगेत बसून मला खुणा करू नकोस. आवरतेच आहे. तुझ्या आईचीही दोन आहेत इथं, आणि तुला ते चांगलं ठाऊक आहे.

एक दगड तरी बसवा म्हटलं, तर पुरावा मागितला. मग वरून फरशी घातली. आता छपराचं पाणी पन्हळीतून नळात आणि नळातून गटारात जातं. भिंतीपाशी थेंब पडत नाही. साहेब, परवा मी तुमच्या दारात आले ती शेवटचं मागायला. जाण्याआधी त्या जागी उभं राहून एक प्रार्थना म्हणा, एवढंच. तुम्ही म्हणालात, बिशपसाहेबांना विचारावं लागेल. कॅननसाहेब, तुम्ही आयतेच भेटलात. पण राहू द्या, बुटांकडे बघू नका, मी विचारत नाहीये. पाण्याचं मला जमणार नाही, नाव तर ठेवता येईल. आई आहे मी. तिचं नाव ऑड्री. ऑड्री थर्केटल. आजवर मी ते घरातसुद्धा मोठ्यानं घेतलं नव्हतं.

रेव्हरंडसाहेबांना पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. अध्यक्षांचे, समितीचे आणि इतका वेळ गप्प बसलात म्हणून तुम्हा सगळ्यांचे आभार. म्हातारीच्या तोंडून अधिकउणं गेलं असेल तर पोटात घाला.

चहा तयार आहे. उठताना खुर्च्या फरफटवू नका. उचला.