कारवीचा कूड

रूपाली : आये, या भिंतीला बकरीचा वास येतोय गं.

ठकी : येनारच. दाराजवळचा कूड धाऊच्या बकऱ्यांच्या गोठ्याचा हाय. तुझ्या बानं धुऊन धुऊन उन्हात टाकला, पन बकरी काय जाईना त्यातनं.

रूपाली : आणि हा इकडचा?

ठकी : चांगोच्या कोंबड्यांचा. मागचा तेवढा आपल्या जुन्या घराचा, सरपन झाकायला ठेवलेला. वाडीत दारोदार फिरला तुझा बा. कुनाकडं जुना कूड पडलाय का रं, म्हनून. मला तर लाज आली.

रूपाली : रानातून नवी कारवी आणायची ना मग. डोंगर भरलाय नुसता.

ठकी : कवळी हाय ती. सात वर्सांनी एकदा फुलते, अजून फुलली नाय. फुलून बी पडल्याबिगर कारवीला कोयता लावायचा नाय, हे तुझा बा मला रोज शिकवतो. मी म्हनलं, पोरीचं बाळंतपन थांबनार हाय का कारवी फुलायपर्यंत? तर म्हंतो, म्हनून तर जुनी शोधतोय.

रूपाली : आहे कुठं तो? मला बघून नुसतं 'आलीस?' म्हणाला आणि गायब.

ठकी : आसंल हितंच कुठंतरी. सकाळपासून शेनमाती कालवतोय. तू अशी बस. टेक पाठ, पाय लांब कर. सातव्यातच एवढी सूज?

रूपाली : उभं राहून येते. आये, या पडवीत पंखा नाही?

ठकी : नाय. लागतोय का?

रूपाली : नाही गं. तेच बघतेय. तिकडं घरात पत्र्याखाली पाऊल टाकवत नव्हतं.

ठकी : घरकुल मिळालं तवा नाचलो आमी. पक्क्या भिंती, वर पत्रा. आता दुपारी त्यात थापलेली भाकर ठेवली तर तव्याबिगर भाजंल. जुनं घर मोडलं नि कूड घातले चुलीत. तवा कुनाला वाटलं हुतं परत लागतील म्हनून?

रूपाली : आमच्या शेलूला बघ की. सगळे फ्लॅट बंद डबे. आमचा एसी रात्रभर समोरच्यांच्या खिडकीत गरम वारा सोडतो. ते बिचारे किती दिवस सोसणार? त्यांनी पण एसी लावला. आता त्यांचा गरम वारा आमच्याकडं.

ठकी : म्हंजे एकमेकास्नी भाजताय.

रूपाली : तसंच. आमच्या ह्यांना एसीशिवाय झोप नाही आणि मला त्यात झोप नाही. मी हळूच खिडकी उघडते, की लगेच आतून सासूबाई ओरडतात, गार बाहेर चाललंय.

ठकी : मग लौकर ये तू. नववा लागायची वाट नको बघू. बाज नवी विनलीय. जुनी लुगडी धुऊन घड्या करून ठेवल्यात. डिंक बी आनलाय.

रूपाली : आये, थांब जरा.

ठकी : काय गं?

रूपाली : मी आज तेच सांगायला आलेय. मी नाही येणार बाळंतपणाला. सासूबाई नाही पाठवत. पत्र्याखाली बाळ भाजून काढायचं का, म्हणाल्या.

ठकी : पत्र्याखाली कोन ठेवतंय? मग ही पडवी कशापायी उभी केली?

रूपाली : सांगितलं मी. तर म्हणाल्या, आपली माणसं कुडातून बाहेर पडता पडता पिढ्या गेल्या, आणि तू उलटी कुडात चाललीस. एसी बसवा, मग पाठवते.

ठकी : पहिलं बाळंतपन माहेरचं असतं, हे ईनबाईला म्या सांगायचं का आता?

रूपाली : ह्यांनी मधला मार्ग काढला होता गं. एसी मीच टेंपोत टाकून आणतो म्हणाले. बाच नको म्हणाला.

ठकी : कवा?

रूपाली : फोन केला होता ह्यांनी. तुला बोलला नाही?

ठकी : नाय. काय म्हनला?

रूपाली : वाडीला विजेची एकच डीपी. कुणाच्या लग्नात मोठा कूलर लावला तरी घराघरांतले दिवे मिणमिणतात, विहिरीची मोटर उचलत नाही. माझी पोर गार निजणार आणि बाया हंडे घेऊन ओढा गाठणार, ते नको म्हणाला. घर गार असलं की झालं ना, ते मी बघतो. आणि मग ही पडवी घातली.

ठकी : सगळ्या वाडीचा बा हाय तो. आपल्या पोरीचा कवा व्हनार?

रूपाली : असं नको बोलूस. बरोबरच बोलला तो.

ठकी : आसंल बरोबर. बरोबर घेऊन मी काय करू? मला तू हवी हाईस. तू गेल्यापासून घर खायला उठतं. बाज विनताना एकेक येढा तुझ्या नावानं घातलाय मी.

रूपाली : मला काय यायचं नाही का? झोप लागली नाही की रात्री मी जुनं घर आठवते. कुडाला पाठ लावून निजायचे ना, तो गारवा. पण तिकडं कोण ऐकणार? आये, बाला तूच सांग. माझ्याच्यानं नाही होणार. अजून लिपतोय तो.

ठकी : मी नाय सांगत. कूड पुरा होऊ दे. तोवर तरी वाटू दे त्याला, पोर येनार म्हनून.

गोमा : ठके, आयकलं मी.

ठकी : अगं बया. कुठं हाय तुमी?

गोमा : हितंच. कुडाच्या भाईर.

ठकी : मग खाकरायचं तरी.

गोमा : पक्क्या भिंतींत राहून इसरल्यात दोघी. कुडाआड गुपित बोलत नसतात.

रूपाली : बा, मी खूप सांगून बघितलं रे.

गोमा : तुजी सासू वंगाळ नाय बोलली. कुडातनं भाईर पडायला मी बी लय धावलो हुतो. न्यायला कोन येतंय?

रूपाली : हेच येणारेत. ऊन उतरलं की.

गोमा : मग तोवर निज.

रूपाली : रागावलास?

गोमा : नाय गं. वाईट वाटलं. राग नाय. निज तू.

(काही वेळानं. पडवीच्या बाहेर, हलक्या आवाजात.)

ठकी : निजली. बोलता बोलताच डोळा लागला. घोरतेय बी.

गोमा : घोरू दे.

ठकी : एसीचं मला का नाय बोललात?

गोमा : तू हो म्हनली असतीस.

ठकी : म्हनलेच असते.

गोमा : मग मला नको म्हनता आलं नसतं. मला बी पोर हवीच हुती की.

ठकी : आन् आता परत चिखलात हात कशाला? येनार नाय म्हनली ना ती. कुनासाठी लिपताय?

गोमा : आता निजलीय नव्हं. त्या फटीतनं ऊन येतंय तिच्या तोंडावर.

ठकी : सरका. मी कालवून देते.