ताईला परत काळी करून घेतली

मेलेल्या माणसाला गोरं करून दाखवायचं कोणाला असतं, सांगा ना? मी लालबागभर विचारत फिरलो.

माझी ताई चांगली काळी होती. संपात बाबांची गिरणी सुटली, तेव्हा तिने चाळीतल्या आमच्या खोलीतच पार्लर काढलं. आपल्या रंगाच्या पोरींना ती कधी ब्लीच लावायची नाही. म्हणायची, "कातडी भाजेल, वर डाग राहतील. त्यापेक्षा आहे तोच रंग चकचकीत करू." पोरी काळ्याच बाहेर पडायच्या, पण काय ऐटीत!

ताई काविळीने गेली. तेराव्याला हार घालायला म्हणून तिचा फोटो मोठा करायला टाकला. आणायला गेलो, तर फोटोवाल्या काकांनी ब्रश मारून तिला दुधासारखी करून ठेवलेली.

मी म्हटलं, "काका, ही कोणाची बहीण?"

"अरे, तुझीच! फुकट गोरी केली."

"मग फुकट काळी करा."

"वेडा झालास काय रे? तीस वर्षांत असं कोणी मागितलं नाही."

मी स्टुलावर बसूनच राहिलो. ते एक हात मारायचे, मी म्हणायचो, "अजून." दोन चहा झाले. शेवटी काका वैतागले, "नंतर तक्रार करू नकोस हां, फार काळी झाली म्हणून."

"तिने कधी केली नाही," मी म्हटलं.

काकांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. ताईसाठी भांडायचं एवढंच उरलं होतं. तेवढं जिंकलो आणि तिला काखेत घेऊन घरी आलो.